प्रकल्प नोंदी: नागपूरच्या दगडांचा थिन सेक्शन संच

५ जानेवारी

प्रात्यक्षिकाच्या खोलीसाठी अग्निज आणि रूपांतरित खडकांचा संच करायला घेतला आहे. प्रत्येक खडकाचा हातात मावेल एवढा नमुना, त्याच नमुन्याचा थिन सेक्शन (काचेवर चिकटवून प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासलेला काप), आणि टेबलावर करून दाखवता येतील असे दोन प्रयोग. नागपूर या कामाला फार सोयीचं गाव आहे. पश्चिमेला हिंगणा, काटोलकडे दख्खनचा काळा बेसाल्ट, तर उत्तरेला आणि ईशान्येला पारशिवनी, रामटेक, मनसर, देवलापारकडे नाइस, शिस्ट, क्वार्ट्झाइट, संगमरवर असे रूपांतरित खडक. एक लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि दुसरे गाळाचे थर साधारण १०० कोटी वर्षांपूर्वी खोल दाबले गेलेले. सकाळी निघालं तर संध्याकाळपर्यंत दोन्ही पोत्यात येतात.

उत्तरपत्रिकांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘प्रचंड उष्णतेने खडक वितळतो आणि रूपांतरित खडक तयार होतो.’ हे चूक आहे. वितळला तर तो शिलारस झाला, आणि तो थिजून जे होईल तो अग्निज खडक. रूपांतर घन अवस्थेत होतं. खडक खडकच राहतो आणि आतली खनिजं बदलतात. संचातल्या प्रत्येक स्लाइडवर विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारायचा: हा रसातून थिजला, की घट्ट असतानाच बदलला? रंग, वजन, चमक यांवरून याचं उत्तर मिळत नाही. ते कणांच्या आकारात आणि मांडणीत असतं. म्हणूनच इतकी घासाघीस करायची.

९ जानेवारी

नमुने. बेसाल्ट हिंगण्याकडच्या गिट्टी खदानीतून, परवानगी घेऊन. एकाच लाव्हा प्रवाहाचे तीन तुकडे घेतले: तळाचा, मधल्या घट्ट भागाचा आणि वरच्या पोकळ्यांच्या भागाचा. हे तीन वेगळे घेणं महत्त्वाचं, कारण खदानीच्या ढिगातून उचललेला तुकडा प्रवाहाच्या कोणत्या उंचीचा हे नंतर सांगता येत नाही. प्रत्येकावर ऑइल पेंटचा ठिपका आणि ‘वर’ दाखवणारा बाण जागेवरच काढायचा. मार्कर पेनची शाई कटरच्या पाण्यात धुऊन जाते.

सीताबर्डीचा किल्ला बेसाल्टच्या टेकडीवर आहे आणि रामटेकच्या गडाखाली क्वार्ट्झाइट आणि शिस्ट आहेत, पण दोन्हीकडे हातोडी चालवायची नाही. तोच खडक रस्त्याच्या कामाच्या ढिगात मिळतो.

ताजा दगड ओळखायचा तर हातोडीचा आवाज ऐकावा. खणखणीत वाजला तर घ्यावा, बद्द वाजला तर आत मुरूम व्हायला सुरुवात झालेली असते. बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्रे सुटत झिजतो, त्यामुळे गोल धोंड्याची बाहेरची तपकिरी साल काढून गाभाच घ्यावा. झिजलेल्या दगडातलं फेल्डस्पार (खडकांतलं एक नेहमीचं फिकट खनिज) मातकट झालेलं असतं आणि सेक्शनमध्ये ते ढगाळ धुरकट दिसतं.

१५ जानेवारी

सॅलॉलचा प्रयोग बसवला. सॅलॉल म्हणजे फिनाइल सॅलिसिलेट, ते साधारण ४२ अंश सेल्सिअसला वितळतं. परीक्षानळीत १ ग्रॅम घेऊन ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात धरायचं, पूर्ण पारदर्शक झालं की ड्रॉपरने तीन स्लाइडांवर एकेक थेंब. पहिली स्लाइड फ्रिजमधली, दुसरी टेबलावरची, तिसरी कोमट पाण्याच्या बीकरवर ठेवलेली, साधारण ३५ अंशांची. प्रत्येक थेंबाला सॅलॉलच्या घन पावडरीचा एक कण टोचायचा. हातमोजे घालावेत, वास घेऊ नये.

फ्रिजमधल्या स्लाइडवर बारीक दाण्यांची गर्दी होते. कोमट स्लाइडवर मोजके स्फटिक निघतात, पण ते मोठे, सरळ कडांचे, आणि एकमेकांना भिडेपर्यंत वाढत राहतात. भिंगाखाली ती भिडण्याची रेघ सरकताना दिसते. ते जरूर दाखवावं, कारण ग्रॅनाइटमध्ये कण एकमेकांत गुंतलेले का असतात हे त्या रेघेवरून कळतं.

काय बिघडतं: टोचण विसरली तर थेंब कितीतरी वेळ द्रवच राहतो आणि विद्यार्थ्यांना वाटतं प्रयोग फसला. खरं तर तोही धडाच आहे: तापमान थिजण्याच्या खाली गेलं तरी स्फटिकाचं बीज नसेल तर रस थिजत नाही. दुसरं, फ्रिजमधल्या स्लाइडवर दव जमतं, ते पुसल्याशिवाय थेंब टाकू नये. तिसरी अडचण खास आपल्याकडची. मे महिन्यात दुपारी ४२ ते ४५ अंश हे नागपूरचं नेहमीचं तापमान आहे. त्या वेळी टेबलावरचं सॅलॉल थिजणारच नाही. हा प्रयोग डिसेंबर ते फेब्रुवारीतच ठेवावा.

पुस्तकात ‘सावकाश थंड झाला की मोठे स्फटिक’ एवढंच असतं. ते बरोबर आहे, पण अर्धं. मोठे स्फटिक होतात कारण बीजं कमी पडतात आणि प्रत्येकाला वाढायला जागा व वेळ मिळतो. मनसर-रामटेकच्या बाजूला रूपांतरित खडकांत घुसलेल्या पेग्मटाइटच्या (खूप मोठ्या स्फटिकांच्या अग्निज खडकाच्या) शिरांत अभ्रकाची मोठाली पानं सापडतात. शिरा अरुंद, आजूबाजूला जुना खडक. म्हणजे खूप सावकाश थंड झाल्या असं म्हणणं अवघड. तिथे शेवटच्या रसात पाणी आणि बोरॉन, फ्लोरिनसारखी द्रव्यं साठलेली असतात. त्यांनी रस पातळ होतो, बीजं कमी पडतात आणि अणू भराभर पोचतात. संचात पेग्मटाइटचा तुकडा ठेवायचाच, पण ‘सावकाश’ हा शब्द त्याच्या लेबलवर येणार नाही.

२१ जानेवारी

सेक्शन करायला सुरुवात. पद्धत सगळ्या नमुन्यांना हीच, म्हणून इथे सविस्तर.

फरशीवाल्याच्या ओल्या कटरवर आधी साधारण १० मिमी जाडीची चकती, मग तिचा २० × ३० मिमीचा तुकडा. जी बाजू काचेला चिकटवायची ती सपाट काचेवर कार्बोरंडम पावडर आणि पाणी घेऊन घासायची: २२० नंबर, मग ४००, मग ६००, शेवटी १००० (नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक). नंबर बदलताना तुकडा, काच आणि हात तिन्ही धुवावेत. २२० चा एक दाणा ६०० च्या काचेवर आला तर त्याचा चरा शेवटपर्यंत जात नाही. कोरडं घासणं सक्त मना. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. घासलेला राबडा बेसिनमध्ये ओतू नये, खाली सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्यावा, पाणी झाडांना, गाळ कचऱ्यात.

तुकडा ६० अंशांवर तासभर वाळवायचा. ओल राहिली तर इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदात) पांढरा ढग येतो. स्लाइडची एक बाजू ६०० ने पुसट करायची, म्हणजे पकड बसते. इपॉक्सी डब्यावरच्या प्रमाणात, वजन करून. अंदाजाने थेंब मोजून कधीच नाही, कारण हार्डनर कमी पडला तर तुकडा घासताना सरकतो. ढवळताना बुडबुडे शिरतात. मिश्रण पाच मिनिटं तसंच ठेवावं, मग कोमट केलेल्या स्लाइडवर मधोमध थेंब टाकून तुकडा तिरपा टेकवत खाली न्यावा आणि गोल फिरवत दाबावा. थंडीत घट्ट व्हायला रात्रभर लागते. उन्हाळ्यात हीच इपॉक्सी निम्म्या वेळातच आवळायला लागते, तेव्हा थोडी थोडीच कालवावी.

मग वरचा भाग कापून १ मिमीच्या आत आणायचा आणि पुन्हा घासायचं. २२० ला साधारण १५० मायक्रॉनवर (हजार मायक्रॉन म्हणजे १ मिमी) थांबावं, ४०० ला ७५ वर, ६०० ला ४० वर, उरलेलं १००० ने. घाई करून २२० नेच ६० पर्यंत गेलं तर सेक्शन गेलाच. जाड दाण्याने केलेली इजा पृष्ठभागाच्या खालीही उतरलेली असते आणि कण उपटून निघतात.

शेवटची जाडी ३० मायक्रॉन, म्हणजे ०.०३ मिमी. ती कॅलिपरने नाही, रंगाने मोजायची. दोन पोलरॉइड (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्या) एकमेकांना आडवे ठेवून गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, कण पाहावा: ६० मायक्रॉनला तांबडा-जांभळट, ४० ला पिवळा, ३० ला करडा-पांढरा. आपल्या बेसाल्टमध्ये गार जवळजवळ नसतेच, म्हणून स्लाइडवर तुकड्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना क्वार्ट्झाइटच्या बारीक चिपा चिकटवतो. एकच चिप लावली तर स्लाइड एका बाजूला कलते आणि सेक्शन पाचरीसारखा होतो. पाचर झालीच, तर जाड बाजूवर बोट दाबून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घासावं.

महागडा सूक्ष्मदर्शक नसला तरी चालतं. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाला एक पोलरॉइड स्टेजखाली, दुसरा आयपीसवर ठेवला आणि स्लाइड हाताने फिरवली तरी या संचातलं बहुतेक सगळं दिसतं.

२९ जानेवारी

बेसाल्टचे तिन्ही सेक्शन झाले.

मधला सगळ्यांत देखणा. प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारच्या लांबट पट्ट्या, करड्या-पांढऱ्या, कशाही दिशांना पडलेल्या. त्यांच्या फटींत ऑगाइट या खनिजाचे निळे-हिरवे-नारिंगी दाणे आणि चुंबकी खनिजाचे काळे ठिपके. आधी कोणी जागा पकडली आणि कोणाला उरलेल्या जागेत बसावं लागलं, हे सरळ वाचता येतं. वरच्या तुकड्यात पट्ट्या बारीक आणि मधे तपकिरी काच. तिला स्फटिक व्हायला वेळच मिळाला नाही. त्या काचेचा पुरावा असा की दोन पोलरॉइडमध्ये स्लाइड कशीही फिरवली तरी ती काळीच राहते.

वेळेचा अंदाज विद्यार्थ्यांना आकड्यात द्यावा. हवाई बेटांवर वाहत्या लाव्ह्यावर मोजलं गेलं आहे: कवचाची जाडी वेळेच्या वर्गमुळाने वाढते. १ मीटर कवचाला साधारण आठवडा, ५ मीटरला जवळजवळ सहा महिने, १० मीटरला दोन वर्षांच्या आसपास. ११०० ते १२०० अंशांनी आलेल्या एकाच लाव्ह्यात वर काच आणि मधे डोळ्यांना दिसतील एवढे स्फटिक का, याचं उत्तर या वर्गमुळात आहे. खोल जमिनीत काही किलोमीटर जाडीचा शिलारस अडकला, तर हाच हिशेब लाखो वर्षांवर जातो.

काही पट्ट्या बाकीच्यांपेक्षा दसपट मोठ्या आणि झुबक्यांनी आहेत. त्या लाव्हा बाहेर पडण्यापूर्वी, खालीच वाढलेल्या. एका दगडात थंड होण्याचे दोन टप्पे. परीक्षेत विचारायला उत्तम.

वरच्या तुकड्यातल्या पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइट भरलं आहे. घासताना ते निसटतं आणि भोकं पडतात. उपाय: चिकटवण्याआधी घासलेल्या बाजूवर पातळ केलेली इपॉक्सी ओतून मुरू द्यावी, वाळल्यावर १००० ने पुन्हा हलकं घासावं. ही भरलेली खनिजं लाव्ह्यातून थिजलेली नाहीत, नंतरच्या गरम पाण्याने आणून बसवलेली आहेत, हे लेबलवर लिहायचं.

५ फेब्रुवारी

अभ्रकी शिस्ट. संचातला सगळ्यांत महत्त्वाचा आणि करायला सगळ्यांत त्रासाचा.

शिस्ट पानापानाने सुटतो. कापायच्या आधी तुकडा पूर्ण इपॉक्सीत बुडवून घट्ट केला नाही तर कटरवर त्याची पत्त्यांची गड्डी उधळते. कापायची दिशा पानांना काटकोनात. पानांच्या बाजूने कापला तर अभ्रकाचे रुंद पापुद्रे समोरून दिसतात, मांडणी दिसतच नाही, आणि मग विद्यार्थी ‘दिशा नाही, म्हणून अग्निज’ असं लिहून मोकळे होतात.

हे नीट पाहावं: खालचा एकच पोलरॉइड ठेवा, वरचा काढा. स्लाइड हळू फिरवा. बायोटाइट अभ्रक एका दिशेला गडद तपकिरी आणि नव्वद अंशांवर फिकट गवती होतं. ग्रॅनाइटच्या स्लाइडमध्ये बायोटाइटचे कण एकेक करून गडद होतात, कारण रसात प्रत्येक जण आपल्या दिशेने वाढला. शिस्टमध्ये अख्खं क्षेत्र एकदम काळवंडतं आणि एकदम उजळतं. हजारो कण एकाच दिशेला लागलेले आहेत. वाहत्या लाव्ह्यातही पट्ट्या कधी एका दिशेला लागतात. पण तिथे त्यांच्यामधे काच किंवा मागाहून थिजलेले दाणे असतात. इथे मधे आहेत ते गारेचे दाणे, आणि काच शोधूनही सापडत नाही. ही जोडी, ग्रॅनाइट आणि शिस्ट, शेजारी शेजारी दोन सूक्ष्मदर्शकांवर लावायची. आमच्या मते अख्ख्या संचाचा जीव यात आहे.

टेबलावरचा प्रयोग याला जोडून: अर्धा किलो शाडू, त्यात कपड्यावर शिवतात त्या चपट्या टिकल्या मूठभर. मळून गोळा करायचा, दोन फळ्यांमधे दाबून निम्म्या जाडीचा करायचा, पुन्हा त्याच दिशेने दाबायचं आणि तारेने उभा कापायचा. टिकल्या दाबाच्या दिशेला आडव्या लागलेल्या दिसतात. शाडू फार ओला असेल तर तो बाजूने नुसता पसरतो आणि टिकल्या फिरत नाहीत. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. आणि सगळ्या बाजूंनी सारखा दाब दिला तर मांडणी होत नाही, हेही दुसरा गोळा प्लास्टिकच्या पिशवीत पाण्याखाली धरून सांगावं. एक मर्यादा तोंडी सांगायलाच हवी: टिकल्या फक्त फिरतात. खऱ्या शिस्टमध्ये जुनी मातीची खनिजं नाहीशी होऊन नवं अभ्रक त्या दिशेतच वाढतं, आणि तेही कणांच्या सीमांवरून अणू सरकत. वितळण्याची गरज कुठेच पडत नाही.

११ फेब्रुवारी

क्वार्ट्झाइट: सोपा. गारेचे दाणे, तिघे जिथे मिळतात तिथे कोन १२० अंशांच्या जवळ. मूळ वाळूचे गोल काठ पुसले गेलेले.

१३ फेब्रुवारी

देवलापारकडचा डोलोमाइटी संगमरवर. मऊ आहे, त्यामुळे २२० वापरायचाच नाही, ४०० पासून सुरुवात. जाडी रंगाने मोजता येत नाही, कारण कार्बोनेटचे रंग ३० मायक्रॉनलाही फिकट मोतिया दिसतात. इथे कोपऱ्यांतल्या गारेच्या चिपांशिवाय पर्यायच नाही. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर कॅल्साइटचा संगमरवर लगेच फसफसतो. डोलोमाइटी असेल तर चाकूने पावडर काढून तिच्यावर टाकावा, तेव्हा कुठे मंद बुडबुडे येतात. थेंबानंतर दगड धुवावा, नाहीतर डब्यातल्या इतर लेबलांची शाई खराब होते.

या नमुन्यात हिरवट सर्पेंटाइनचे डाग आहेत. डोलोमाइट आणि मूळ गाळातली सिलिका यांची क्रिया होऊन आधी मॅग्नेशियमची सिलिकेटं झाली, कार्बन डायऑक्साइड निघून गेला, आणि नंतर पाणी शिरून त्यांचं सर्पेंटाइन झालं.

१९ फेब्रुवारी

मनसरचा गोंडाइट. हे नाव भूवैज्ञानिक फर्मोर यांनी मध्य भारतातल्या मँगनीज खडकांवर काम करताना गोंड जमातीवरून दिलं. घटक दोनच: गार आणि स्पेसार्टाइन, म्हणजे मँगनीजचं गार्नेट. मँगनीजयुक्त गाळात वाळू आणि चिकणमाती मिसळलेली होती. तो गाळ खोल गेला, तापला आणि गार्नेट तयार झालं. जिथे गाळ शुद्ध मँगनीजचा होता तिथे मँगनीजचं धातुक मिळालं, ज्यावर इथल्या खाणी चालतात.

गार्नेट कठीण आहे आणि शेजारची काळी मँगनीज खनिजं मऊ, त्यामुळे गार्नेट उंचवट्यासारखं वर राहतं. पावडर भरपूर, दाब कमी आणि वेळ दुप्पट हा एकच उपाय. दोन पोलरॉइडमध्ये गार्नेट काचेसारखं काळं राहतं. पण त्याला कडा आणि कोपरे आहेत, काचेला नसतात. बेसाल्टची वरची स्लाइड आणि ही स्लाइड अदलाबदल करून ओळखायला द्यावी.

२६ फेब्रुवारी

भंडारा जिल्ह्यातले कायनाइट आणि सिलिमनाइटचे नमुने संचात घेतले. सेक्शन नाही, हातातले तुकडेच. दोघांची रासायनिक घडण एकच, अँडल्युसाइट हे तिसरं भावंड. तिघांच्या सीमा साधारण ५०० अंश आणि ४ किलोबार, म्हणजे जवळपास १५ किलोमीटर खोलीच्या दाबाला मिळतात. त्याहून जास्त दाबात कायनाइट, जास्त उष्णतेत सिलिमनाइट, कमी दाबात अँडल्युसाइट. यातलं काहीही वितळलेलं नाही, अणूंनी घन अवस्थेतच रचना बदलली. कायनाइटच्या पात्याला लांबीच्या दिशेने सुईने चरा पडतो, आडव्या दिशेने पडत नाही. हा खेळ प्रत्येकाने करून पाहावा.

अँफिबोलाइटचा सेक्शनही झाला. बेसाल्टसारखीच घडण असलेला खडक पाण्यासह तापला की ऑगाइटच्या जागी हॉर्नब्लेंड हे दुसरं गडद खनिज येतं. तो बेसाल्टशेजारी ठेवायचा, मात्र लेबलवर स्पष्ट लिहायचं की हा आपल्या दख्खनच्या लाव्ह्यापासून झालेला नाही, त्याहून फार जुना आहे.

५ मार्च

शेवटचा नमुना पारशिवनीच्या बाजूचा, पट्ट्यापट्ट्यांचा नाइस. याच्या लेबलवर सगळ्यांत जास्त चर्चा झाली, कारण इथे सीमा ओलांडली गेली आहे. पाणी असेल तर गार, फेल्डस्पार आणि अभ्रक एकत्र साधारण ६५० ते ७०० अंशांना वितळू लागतात. जमिनीखाली दर किलोमीटरला २५ ते ३० अंश धरले तर ही खोली २५ किलोमीटरच्या आसपास येते. आधी थोडाच भाग वितळतो, आणि तो फिकट रस पट्ट्यांत गोळा होऊन थिजतो.

पण प्रत्येक फिकट पट्टा म्हणजे थिजलेला रस नव्हे. घन अवस्थेतही खनिजं वेगळी होऊन पट्टे पडतात. म्हणून सेक्शन फिकट आणि गडद दोन्ही भाग येतील असा, सीमेवर आडवा कापला. तीन गोष्टी पाहिल्या. फिकट पट्ट्याच्या काठाला बायोटाइटची दाट काळी किनार आहे, म्हणजे न वितळलेलं मागे उरलेलं. फिकट भागातल्या फेल्डस्पारला सरळ स्फटिक-कडा आहेत, ज्या रसातच मोकळेपणी वाढतात. आणि कणांच्या सांध्यांत गारेचे टोकदार, आत वळलेले बारीक कप्पे आहेत, रस मुरलेल्या जागेच्या आकाराचे. गडद भागात यांतलं एकही नाही. तिथे अभ्रक शिस्टसारखंच एका दिशेला आहे आणि स्लाइड फिरवली की एकदम काळवंडतं.

लेबल असं ठरलं: ‘मिग्मटाइट. गडद पट्टे रूपांतरित, फिकट पट्टे अग्निज. सीमा स्वतः शोधा, कारण लिहा.’ डब्यात ही स्लाइड रूपांतरित आणि अग्निज या दोन रांगांच्या मधे वेगळ्या खाचेत ठेवली आहे. सॅलॉलची बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये, उरलेली इपॉक्सीही तिथेच.